एका घरात दोन काटे

मापाड्याच्या बायकोचं वजन दवाखान्यात बावन्न किलो भरलं आणि व्यापाऱ्याच्या गोदामात एकोणपन्नास. दोन्ही एकाच सकाळी. दवाखाना गावाच्या या टोकाला, गोदाम त्या टोकाला, मधे अर्धा किलोमीटर रस्ता. उन्हातून चाललं की माणूस वाळतं हे तिला मान्य होतं, पण इतकं नाही.

दवाखान्यात ती पाठदुखीसाठी गेली होती. नर्सबाईंनी रीत म्हणून वजन घेतलं, कागदावर लिहिलं, मलमाची डबी दिली आणि वाकायचं नाही म्हणून सांगितलं. न वाकता भुईमुगाच्या शेंगा कशा उपटायच्या, ते मात्र सांगितलं नाही. तिथून ती नवऱ्याचा डबा पोचवायला गोदामात गेली. गावातल्या सगळ्या शेंगा एकच व्यापारी विकत घ्यायचा. येईल ते पोतं काट्यावर चढवायचं आणि वजन मोठ्याने सांगायचं, हे मापाड्याचं काम. नऊ वर्षं तो ते करत होता. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, आणि एकदा सांगितलेला आकडा त्याने कधी बदलला नव्हता. त्या दिवशी बसायला जागा नव्हती आणि काटा रिकामा होता, म्हणून ती काट्याच्या फळीवर टेकली. नवऱ्याने सवयीने आकडा पुकारला.

"एकोणपन्नास."

"अहो, दवाखान्यात आत्ता बावन्न भरले मी."

"दवाखान्यातला काटा आजारी माणसांचा असतो," तो म्हणाला आणि डब्याचं झाकण उघडलं.

हे उत्तर तिने दोन दिवस उलटसुलट करून पाहिलं. कुठूनही धरलं तरी ते हातात येईना.

बुधवारी बचत गटाची बैठक होती. गावातल्या बारा बायकांचा हा गट सहा वर्षांपूर्वी सुरू झाला, तेव्हा तो सहा महिन्यांत मोडेल असं पुरुषमंडळींनी सांगून ठेवलं होतं. शिंपीणबाईंच्या शिवणाच्या खोलीत बैठक भरायची. कापडाचे तुकडे बाजूला सारून सगळ्या जमिनीवर बसत आणि मधे लोखंडी पेटी. पेटीला तीन कुलुपं आणि तीन किल्ल्या तीन घरांत, म्हणजे कोणा एकीला मोह झालाच तर तो उरलेल्या दोघींनाही त्याच दिवशी व्हावा लागे. दर आठवड्याला प्रत्येकीने ठरलेली रक्कम टाकायची. साठलेल्यातून नड असेल तिने कर्ज घ्यायचं, दोघींनी तिला जामीन राहायचं, आणि व्याज पुन्हा त्याच पेटीत. उशीर केला तर दंड, दुसरी बोलत असताना बोललं तर दंड. दुसऱ्या दंडाची जमा पहिल्यापेक्षा बरीच मोठी होती.

अध्यक्ष दाईमावशी. निम्मं गाव त्यांच्या हातून जगात आलेलं. ज्याला आपण पायाला धरून उलटा लटकवलेला पाहिलाय, त्याचा धाक कसला धरायचा, असं त्या म्हणत. हिशेब शिंपीणबाईंकडे, कारण त्यांच्याकडे टेप होती आणि त्या काहीही अंदाजाने करत नसत. तिसरी किल्ली मापाड्याच्या थोरल्या वहिनीकडे, म्हणजे हिच्या जाऊबाईंकडे.

आपल्या वजनाचं हिने बैठकीत सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा जाऊबाईच बोलल्या.

"म्हणजे आमचा भावजी खोटं सांगतो, असं तुझं म्हणणं."

"मी काही म्हणत नाही जाऊबाई. मी फक्त दोनदा वजन केलं."

"लोकांच्या बायका नवऱ्याचं झाकतात. आपली ही वजनं करते."

दाईमावशींनी मधे बोलल्याबद्दल जाऊबाईंना दंड लावला आणि म्हणाल्या, "एकीच्या वजनावरून काही ठरत नाही. बाकीच्या अकरा जणी कशाला आहेत?"

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात अकरा बायका पाठ दुखते म्हणून आल्या. नर्सबाईंनी अकराही जणींचं वजन घेतलं, मलम संपलं, आणि या गावात पाठदुखीची साथ असल्याचं त्यांनी वरच्या कचेरीला रीतसर कळवलं. दवाखान्यातून निघून एकेक जण गोदामात गेली. एक भाव विचारायला गेली. एकीला तिथेच चक्कर आली आणि ती काट्याच्या फळीवर बसली. एक मापाड्याला त्याच्या बायकोचा निरोप द्यायला गेली आणि फळीवर चढून निरोप दिला. दाईमावशींनी कसलंच निमित्त केलं नाही. त्या सरळ जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वाच." फळीवर काही पडलं की आकडा पुकारायचा, ही मापाड्याची सवय हाडीमासी खिळलेली. दुसऱ्या कोणाला संशय आला असता. त्याला आलाही असेल, पण तोवर आकडा तोंडातून गेलेला असे.

बुधवारी शिंपीणबाईंनी सगळं एका कागदावर मांडलं. दाईमावशी सत्तर आणि सहासष्ट. शिंपीणबाई साठ आणि साडेछप्पन्न. जाऊबाईंनी आपला आकडा सांगितला नाही, फरक तेवढा सांगितला. फरक पाच किलोचा होता, त्यामुळे आकडा बाकीच्यांनी मनातल्या मनात काढला.

"चाळीस किलोच्या पोत्यामागे सव्वादोन किलो जातं," शिंपीणबाई म्हणाल्या. "दर पोत्याला. दर वर्षी."

जाऊबाईंच्या यंदा अकरा पोती शेंगा होणार होत्या. त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या आणि बोटं पुरत नव्हती.

तेव्हा मापाड्याच्या बायकोने कर्ज मागितलं. रक्कम चार हजार, कशासाठी तर काट्यासाठी. गावाबाहेर भंगारवाल्याकडे बंद पडलेल्या कापूसगिरणीतला लोखंडी काटा येऊन पडला होता, तो तिने पाहून ठेवला होता. गोदामाच्या वाटेवर छपराखाली तो मांडायचा आणि पोत्यामागे एक नाणं घेऊन कोणालाही वजन करून द्यायचं.

गटाने आजवर शेळीसाठी कर्ज दिलं होतं, कोंबड्यांसाठी, छपराच्या पत्र्यांसाठी, शाळेच्या फीसाठी, शिंपीणबाईंना दुसऱ्या मशीनसाठी. वजन करायला कर्ज कोणी मागितलं नव्हतं.

"शेळी दूध देते," जाऊबाई म्हणाल्या. "मशीन पोटाला देतं. काटा काय देणार?"

"आकडा."

"आणि आकडा खायचा?"

"नऊ वर्षं कोणीतरी खाल्लाच ना जाऊबाई."

पहिला जामीन दाईमावशी राहिल्या. दुसरी कोणी पुढे येईना. मापाडी गावातला, व्यापारी गावातला, आणि पुढच्या वर्षी शेंगा पुन्हा त्याच दारात न्यायच्या होत्या. पेटीचं झाकण लावायची वेळ झाली, तेव्हा जाऊबाईंनी हात वर केला.

"मला हिचं पटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "घराण्याची अब्रू ही रस्त्यावर मांडणार, हे मला साफ दिसतंय. पण माझी अकरा पोती आहेत. लिहा माझं नाव."

भंगारवाल्याने काटा हातगाडीवर घालून दिला. तिने तो आधी शहरातल्या वजनमापांच्या कचेरीत नेला. तिथल्या माणसाने त्यावर आपली पितळी वजनं ठेवून पाहिली, एक स्क्रू अर्धा फेरा पिळला, पुन्हा पाहिलं, शिक्का मारला आणि फी घेतली. वापर कशासाठी, असा एक रकाना होता. "खरं वजन करायला," असं तिने सांगितलं. त्याने "किरकोळ" असं लिहिलं.

संध्याकाळी नवरा घरी आला, तेव्हा काटा दारात होता. त्याने त्याच्याभोवती एक फेरी घातली. वस्तू चांगली होती हे त्याला न सांगता कळलं.

"एका घरात दोन काटे कशाला?"

"लोक दोन घड्याळं ठेवतात की."

"आणि दोन्हींनी वेगवेगळी वेळ दाखवली तर?"

ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. आपण नको ते बोलून गेलो, हे त्याच्याही लक्षात आलं आणि तो हात धुवायला गेला. हात धुवायला त्याला त्या दिवशी पुष्कळ वेळ लागला. त्यानंतर आठ दिवस नवराबायकोत जेवढ्यास तेवढं बोलणं झालं. मीठ दे, कंदील कुठे आहे, उद्या पाणी येणार नाही.

शेंगा निघायला लागल्या. वाटेवरच्या छपराखाली ती काटा मांडून बसली आणि पहिले तीन दिवस एकही पोतं आलं नाही. पोती समोरून जात होती. गाडीवाले तिच्याकडे बघत आणि बैलांशी बोलत पुढे जात. एका म्हाताऱ्याने आपलं कोकरू तोलून घेतलं. शाळेतल्या मास्तरांनी स्वतःचं वजन केलं आणि नाणं देताना, हे कोणाला सांगू नका, असं बजावलं. दोन भाऊ पैज लावून आले आणि भांडून गेले. तीन दिवसांची कमाई सात नाणी. चौथ्या दिवशी कर्जाचा पहिला हप्ता होता, तो तिने शेळी विकून भरला. ही शेळीही मागच्या, फिटलेल्या कर्जातलीच. शिंपीणबाईंनी वहीत नोंद केली आणि मान वर न करता विचारलं, "अजून काय काय आहे विकायला?"

"भांडी आहेत," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी जाऊबाई आल्या. गाडीवर अकरा पोती. एकेक पोतं चढवलं, एकेक उतरवलं, आणि हिने प्रत्येक पोत्यावर खडूने आकडा लिहिला. चाळीस, साडेचाळीस, एकोणचाळीस, चाळीस. जाऊबाईंनी अकरा नाणी मोजून दिली. सख्ख्या जावेकडून पैसे घेतेस का, असं एकदा विचारून पाहिलं, पण ते नुसतं रीतीखातर. मग गाडी गोदामाकडे वळली आणि छपराखालचा काटा तसाच टाकून हीदेखील मागोमाग गेली.

मापाड्याने पहिलं पोतं चढवलं. "पावणेअडतीस."

"भावजी, पोत्यावर काय लिहिलंय ते बघा," जाऊबाई म्हणाल्या.

"वहिनी, इथे खडू धरत नाहीत."

"आकडा वाचा तुम्ही."

त्याने वाचला. चाळीस. दारात बायको उभी होती, तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. व्यापारी गादीवरून उठून आला. बोलायला गोड माणूस. नुकसान करतानाही समोरच्याची विचारपूस करायचा.

"वाटेत शेंगा सुकतात, वहिनी. ऊन किती आहे."

"अर्ध्या किलोमीटरात सव्वादोन किलो?"

"ऊन फार आहे."

"मग माझंही वजन करून बघा," जाऊबाई म्हणाल्या. "मीही उन्हातूनच आलेय." आणि बारा जणींच्या बैठकीत जो आकडा त्यांनी सांगितला नव्हता, तो गोदामात तीस माणसांसमोर सांगितला. "पंच्याऐंशी. दवाखान्याच्या कागदावर आहे. आता तुमचा काटा काय म्हणतो ते भावजी पुकारतील." त्या फळीवर चढल्या.

मापाड्याचं तोंड उघडलं, पण आकडा बाहेर आला नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदाच असं झालं. मागे उभ्या असलेल्या एका गाडीवाल्याने वाकून काटा पाहिला आणि सांगितलं, "ऐंशी."

जाऊबाईंनी अकरा पोती परत नेली. मागच्या चार गाड्याही वळल्या आणि छपराखाली रांग लागली. त्या संध्याकाळी मापाड्याच्या बायकोकडे त्र्याण्णव नाणी जमली आणि खडूची पेटी संपली.

पुढच्या बुधवारी व्यापारी स्वतः बैठकीला आला. शिवणाच्या खोलीत पुरुष आला की तो मापं द्यायलाच आला असं समजायचं, म्हणून एकदोघी सरकल्या. तो आठ मिनिटं उशिरा आला होता. दाईमावशींनी उशिराचा दंड सांगितला. आपण सभासद नाही, असं त्याने हसत सांगितलं. "सभासद नाही, पण उशिरा आलात ना," दाईमावशी म्हणाल्या. त्याने दंड भरला.

गटाच्या नियमाप्रमाणे कर्जावर घेतलेली वस्तू फिटेपर्यंत सगळ्यांची समजायची आणि सगळ्यांना विचारल्याशिवाय विकायची नाही. हे त्याने कुठूनतरी काढलं होतं. तो सरळ म्हणाला, "काटा मी घेतो. आठ हजार देतो."

चार हजारांच्या वस्तूला तीन आठवड्यांत आठ हजार. गटाच्या सहा वर्षांत कुठल्या शेळीने असं काही केलं नव्हतं. खोलीत चुळबुळ झाली. दोघीतिघींना पैसा दिसायला लागला हे चेहऱ्यावरून कळत होतं, आणि त्यात त्यांची चूकही नव्हती. एकीचं छप्पर गळत होतं, एकीचा नवरा अंथरुणाला खिळला होता. मापाड्याची बायको खाली बघत बसली. तिच्याकडे आता शेळी नव्हती, आणि घरात बोलणारं माणूसही नव्हतं. विका म्हणाल्या असत्या तर तीही हो म्हणाली असती, हे तिने नंतर कधीच लपवलं नाही.

"घेऊन काय करणार?" दाईमावशींनी विचारलं.

"वापरणार."

"तुमच्याकडे आहे की एक."

"तो जुना झालाय."

शिंपीणबाई कागदावर काहीतरी मांडत होत्या. त्यांनी चष्मा वर केला. "मला वाटतं द्यावा," त्या म्हणाल्या. "आठ हजार येतात. भंगारवाल्याकडे गिरणीतले अजून दोन काटे पडलेत, मी विचारून आलेय. चारचार हजारांना दोन्ही घेऊ. एक इथे मांडू, एक गोदामाच्या अगदी दारात. ते दोन्ही मालकांनी घेतले तर सोळा हजार होतील."

व्यापाऱ्याने थोडा वेळ हिशेब केला. हिशेबात तो कच्चा नव्हता. मग त्याने सगळ्यांच्या घरची खुशाली विचारली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गोदामासमोर माणसं जमवली आणि जाहीर केलं की चौकशीत भयंकर प्रकार उघडकीला आलाय. मापाडी इतकी वर्षं काटा चुकीचा वाचत होता. आपण साधं माणूस, विश्वास ठेवला. आजपासून मापाडी कामावर नाही, काटा दुरुस्त केलाय, आणि गावाच्या पैशाला धक्का लागणार नाही. शेवटी, जाता जाता सांगावं तसं, तो म्हणाला की बाजार पडलाय, त्यामुळे भाव किलोमागे थोडा कमी होईल.

शिंपीणबाईंनी तिथेच उभ्याउभ्या गुणाकार केला. नव्या भावाने चाळीस किलोचे जेवढे होत होते, तेवढेच जुन्या भावाने पावणेअडतीसचे व्हायचे. एका पैचा फरक नव्हता. गाव जिथे होतं तिथेच राहिलं होतं, आता फक्त ते त्याला माहीत झालं होतं.

मापाडी दुपारी घरी आला. त्या वेळी घरी यायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे कुठे बसावं ते त्याला सुचेना. ती शेंगांच्या पाट्या रिकाम्या करत होती.

"तुम्हाला ठाऊक होतं?" तिने विचारलं.

"मी काटा सांगेल तेच सांगत होतो."

"मी काय विचारलं?"

तो उंबऱ्यावर बसला. रस्त्याकडे तोंड केलं. मग म्हणाला, "दुसऱ्या वर्षी झाडताना फळी उचलली होती. खाली दांड्याला तारेने शिशाचा गोळा बांधलेला. मी मालकांना सांगितलं. म्हटलं, कोणीतरी काहीतरी करून ठेवलंय. ते म्हणाले, बरं झालं मला सांगितलंस. त्या महिन्यात पगार वाढला. गोळा तिथेच राहिला."

"आणि तुम्ही?"

"छपराला पत्रे घातले ते त्याच वर्षी."

तिने वर पाहिलं नाही. पाटी खाली ठेवली.

"आपली पोती?" तिने विचारलं. "मी उपटलेली? तीही तशीच?"

"आपलं पुरं सांगितलं असतं तर बाकीच्यांना कळलं नसतं का?" तो म्हणाला. हे वाक्य त्याने फार वर्षांपूर्वी तयार करून ठेवलं असावं. ते सफाईने आलं, पण बाहेर आल्यावर त्यालाच ते ऐकवेना. "तुझी पोती चढवताना मी आकडा जरा हळू पुकारायचो," तो म्हणाला.

तिला राग यायला हवा होता, आणि तो आलाही, पण त्या 'हळू'ने तिची पंचाईत केली. आठ वर्षं तो आपल्याच बायकोचं पोतं कापत होता आणि लाज म्हणून आवाज तेवढा खाली घेत होता. याचं काय करायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिने उरलेल्या पाट्या रिकाम्या केल्या. मग म्हणाली, "बुधवारी चला आणि हे तिथे सांगा. वेळेवर चला. मी तुमचा दंड भरणार नाही."

तो वेळेवर गेला. दाराशी उभा राहून त्याने सगळं सांगितलं, शिसं, तार, पगार, पत्रे. आवाज तसाच खणखणीत होता, या वेळी त्याने तो खाली घेतला नाही, त्यामुळे रस्त्यावरच्यांनीही ऐकलं. जाऊबाई लोखंडी पेटीकडे बघत होत्या. "सासूबाई असत्या तर," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं.

दाईमावशींनी विचारलं, "आता काय करणार आहेस?"

"हिच्या काट्यावर पोती उचलायला माणूस लागतो. हिची पाठ धरते."

गटाने यावर अर्धा तास चर्चा केली, त्याच्यासमोरच, तो तिथे नसल्यासारखी. शेवटी असं ठरलं की त्याने पोती उचलावीत, उतरवावीत, शिवावीत. काट्याकडे बघू नये. आकडा बाईमाणूसच वाचेल. शिंपीणबाईंनी तसं लिहून घेतलं आणि त्याची सही घेतली.

त्याच बैठकीत शेंगा शहरात न्यायचं ठरलं. गावचा खरा भाव आता उघड झाला होता, आणि बसचा ड्रायव्हर शहरातला भाव रोज फुकट सांगत होता. दोन्हींत किलोमागे बराच फरक होता. एकटीदुकटीला टेम्पो परवडला नसता, पण बारा जणींची मिळून चव्वेचाळीस पोती होती. टेम्पोचं भाडं पेटीतून कर्जाऊ घेतलं, बाराही जणी एकमेकींना जामीन. मापाड्याने पोती भरली आणि शेवटच्या पोत्यावर चढून बसला. पुढे ड्रायव्हरशेजारी त्याची बायको, जाऊबाई आणि शिंपीणबाई. जाऊबाईंमुळे गिअर टाकायला अडचण होत होती, तरी ड्रायव्हर काही बोलला नाही.

शहरातल्या अडतीत मोठा काटा होता, शेजारी भिंतीवर सचोटीची पाटी. तिथल्या मापाड्याने पहिलं पोतं घेतलं आणि पुकारलं, "एकोणचाळीस." खडूने चाळीस लिहिलं होतं. दुसरं, चाळीसचं, तेही एकोणचाळीस. शिंपीणबाईंनी पेन्सिल काढली. मापाड्याची बायको मनात मोजू लागली. कर्ज, भाडं, चव्वेचाळीस पोती, आणि परतीच्या टेम्पोचे पैसे कोणाकडेच नाहीत.

नवऱ्याने तिसरं पोतं खांद्यावरून खाली ठेवलं. गटाचा नियम त्याने मोडला नाही, काट्याकडे बघितलं नाही. तो फळीपाशी उकिडवा बसला.

"ही जरा उचलू का?" त्याने तिथल्या मापाड्याला विचारलं.

"कशाला?"

"केर काढतो."

फळी उचलली. त्याने आत हात घातला, फार शोधावं लागलं नाही, आणि हात बाहेर काढला. तळहातावर लिंबाएवढं शिसं आणि त्याला गुंडाळलेली तार. अडतीत शेंगा घेऊन आलेली वीसपंचवीस माणसं होती, ती जवळ आली. अडतीचा मालकही आला. हे कुणी केलं, असं त्याने कमालीच्या आश्चर्याने विचारलं, आणि बघताबघता सगळ्यांच्या नजरा तिथल्या मापाड्याकडे वळल्या. मापाडी चाळिशीचा, बारीकसा, तोंडावर रंग उरला नव्हता.

"त्याला काही बोलू नका," हिचा नवरा म्हणाला. "तो फक्त वाचतो."

वाचतो, आणि पगारही घेतो, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. समोर तीन पोती उतरवलेली होती आणि एकेचाळीस टेम्पोत, आणि हे बोलायला घरी जागा होती.

चव्वेचाळीस पोती पुन्हा वजन झाली. आकडा शिंपीणबाईंनी वाचला, तिथल्या मापाड्याने तो नुसता पुकारला. पैसे रोख मिळाले. भाडं, हमाली, डिझेलचे वाढीव, सगळं जाऊन गावच्या भावापेक्षा पोत्यामागे जे उरलं, त्यात कोणी श्रीमंत झालं नाही. एकीच्या छपराचं भोक बुजलं. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं तीन महिन्यांचं औषध आलं. जाऊबाईंनी काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांच्या दारात नवा पंप आला आणि तो सगळ्यांनी पाहिला. गावच्या व्यापाऱ्याने पुढच्या हंगामात भाव वाढवला, शहराएवढा नाही, पण टेम्पोचा त्रास वाचेल एवढा. बऱ्याच जणी पुन्हा त्याच्याकडेच जाऊ लागल्या. आधी छपराखाली वजन करायच्या, मग जायच्या.

मापाड्याच्या बायकोचं कर्ज आठव्या महिन्यात फिटलं. त्या बुधवारी शिंपीणबाईंनी तिच्या नावापुढे रेघ मारली आणि विचारलं, पुढचं कर्ज हवंय का. तिने शेळीसाठी मागितलं.

नवरा अजून पोती उचलतो. शेजारच्या दोन गावांतल्या बचत गटांनी त्याला काटे तपासायला बोलावलं, तेव्हा तो गेला, फळ्यांखाली हात घालून आला, आणि मिळालेले पैसे बायकोच्या हातात ठेवले. तिने ते मोजून घेतले. त्यातून पोत्यामागे ठरलेली त्याची हमाली बाजूला काढून त्याला दिली.

"मालक यापेक्षा जास्त द्यायचे," तो एकदा म्हणाला.

"मग जा की त्यांच्याकडे."

छपराखाली गाडी येऊन थांबली होती. त्याने पहिलं पोतं पाठीवर घेतलं, फळीवर ठेवलं आणि दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. तिने आकडा वाचला.